न सांगता कळलेलं

पडद्यावरचा बाण पुन्हा थबकला, तसा दुरुस्तीवाल्यानं माउसवरचा हात काढून घेतला.

"थांबा काका. आता काही दाबू नका."

मुद्रितशोधकानं बोटं मागे घेतली. अर्धा शब्द उमटून अडकला होता. क्षणभरानं उरलेली अक्षरं एकदम सांडल्यासारखी आली.

"सारखं असंच चाललंय. उचकी लागल्यासारखं."

"मशीन चांगलं आहे. कुणीतरी मध्येच त्याची मानगूट धरतंय."

दुरुस्तीवाला चालू असलेला एकेक प्रोग्रॅम बंद करत गेला. एक बंद केला की दोघं वाट बघत. पुन्हा अडकलं की पुढचा.

"नवीनच घेणार होतो," मुद्रितशोधक म्हणाला. "पण हे मुलीनं दिलंय, तिची आई गेल्यावर. अगदी आईवर गेलीय. परवा कंबर धरली, कुणाला बोललो नाही, तर दुसऱ्या दिवशी पट्टा दारात हजर. बायकोचंही तसंच होतं. मी घरात पाऊल टाकलं की ओळखायची, आज साहेबाशी वाजलंय."

"नशीबवान आहात. माझ्या घरी ओरडून सांगितलं तरी कळत नाही."

मुद्रितशोधक हसला. बाण परत थबकला.

"सापडला! हा बघा. अडकलं की हाच यादीत उडी मारून वर येतो. काका, हा भाडेकरू तुम्ही ठेवलाय का?"

"काय करतो तो?"

"तुमच्या पडद्याचे फोटो काढून कुणाला तरी पाठवतो. नेट मंद असलं की फोटो वाटेत अडकतो, आणि तोवर हा बाकीच्यांना तिष्ठत ठेवतो."

"कुणाला पाठवतो?"

दुरुस्तीवाल्यानं आणखी एक खिडकी उघडली आणि खुर्ची बाजूला सरकवली. मुद्रितशोधकानं चष्मा लावला. ईमेलचा पत्ता त्यानं प्रूफ वाचावं तसा अक्षर अक्षर लावून वाचला. चूक कुठेच नव्हती.

कंबरेत उसण भरली तेव्हा काय करावं, हे त्यानं इथेच टाइप करून शोधलं होतं. आणखीही पुष्कळ काही. त्यानं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फोन उचलला.

"माझ्या कॉम्प्युटरमध्ये काय बसवलंयस?"

पलीकडून मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही काही सांगतच नाही."

"मला वाटत होतं, तुला कळतं."

"कसं कळणार? मी काय देव आहे?" तिचा आवाज चढला. "आईला तरी कसं कळायचं? तुम्ही छापखान्यातून निघालात की ती फोरमनकाकांना फोन करायची. रोज."

फोरमनबरोबर त्यानं इतकी वर्षं चहा घेतला होता. बायको गेल्यावर समाचाराला येऊन तो याच खोलीत, याच खुर्चीत बसून गेला होता. चकार शब्द काढला नव्हता. आणि तिनं तर उंबऱ्यातच तोंड बघून म्हणायचं, आज बिनसलंय वाटतं.

"बाबा? ऐकताय ना?"

दुरुस्तीवाल्यानं हळूच विचारलं, "काका, काढू?"

"काढा."

तिला ते ऐकू गेलं. बाण आता पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पळत होता.

"मग मला कळायचं कसं?" ती म्हणाली.

"विचारत जा."

तिनं नाक ओढलं.

"बरं. विचारते. कसे आहात, बाबा?"

"मला काय धाड भरलीय," तो म्हणाला. "बरा आहे."