नको नको म्हणत अमेरिका

अमेरिकेच्या सहलीत प्रबोधचा फायदा सरळ होता: चार शहरं, चारही ठिकाणी ओळखीचं घर, आणि हॉटेलचा खर्च शून्य.

त्याच्या बायकोचा, नीताचा, हिशेब वेगळा. सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात राहायला येण्याआधी ती पुण्याच्या शाळेत इतिहास शिकवायची. फिलाडेल्फियाची ती तडा गेलेली घंटा, लिबर्टी बेल, तिने वर्षानुवर्षं फळ्यावर काढली होती. ती तिला एकदा प्रत्यक्ष बघायची होती. तिघांचा व्हिसा आला होता, लेकीची, इराची, डिसेंबरची सुट्टी तोंडावर होती. पण प्रबोधचं ठाम होतं, "मुक्काम जमले तरच जायचं. झोपायला एवढे पैसे कशाला? डोळे मिटल्यावर सगळी शहरं सारखीच दिसतात."

आता, 'राहायला येऊ का' असं आपण होऊन विचारायचं नसतं. नुसता सहलीचा विषय काढायचा. समोरचा म्हणतो, आमच्याकडेच उतरा. आपण म्हणायचं, नको नको, उगाच तुम्हाला त्रास. मग तो रागावतो, शपथ घालतो आणि आपला नाइलाज होतो.

प्रबोधने न्यूयॉर्कला शिरीषला, कॉलेजच्या मित्राला, फोन लावला.

"अरे, मग आमच्याकडेच उतरा!"

"नको रे, तुम्हाला कशाला त्रास?"

"ओके, नो प्रॉब्लेम. पण कॉफीला भेटू हं!"

प्रबोध फोन कानाला लावून आग्रहाची वाट बघत राहिला. शिरीषने केव्हाच ठेवला होता.

वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फियाही अशीच हातची गेली. वीस वर्षं अमेरिकेत काढून माणसं 'नको'चा अर्थ 'नको' असाच घ्यायला लागली होती.

"उरलं बोस्टन," नीता म्हणाली. बोस्टनला प्रबोधचा मावसभाऊ धैर्यशील होता. "त्याला पहिल्या फटक्यात हो म्हणायचं."

"तोंडातून निघत नाही गं. हावरट वाटतो मी."

"तो तर तू न बोलताही वाटतोस. चल, सराव. चहा घेणार?"

"नको, तू उगाच..."

"बाबा, जस्ट से येस, लाह!" इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

आठवडाभर सराव चालला. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नूडल्सवाल्या आंटीने "चिली?" विचारलं, तेव्हा प्रबोध आवेशात "येस! येस!" म्हणाला आणि डोळे पुसत नूडल्स संपवल्या.

शनिवारी धैर्यशीलचाच फोन आला. प्रबोधने स्पीकर लावला.

"प्रबोध, डिसेंबरच्या मुक्कामाचं विचारायचं होतं..."

"हो!"

"अरे, ऐकून तरी घे."

"हो म्हणजे हो! अगदी आनंदाने!"

"वा! शिवांगी, बघ, म्हटलं नव्हतं? मग आम्ही दोघं आणि हिचे आई-बाबा, तीन आठवडे तुमच्याकडे. सिंगापूरची हॉटेलं काय महाग आहेत रे!"

प्रबोधने तोंड उघडलं. त्यातून सरावातलंच बाहेर पडलं, "हो."

नीताने फोन ओढून घेतला. "भावजी, नक्की या. म्हणजे तुमचं घर तेव्हा रिकामं?"

"रिकामं. का?"

"मी आणि इरा उतरू का तिथे?"

प्रबोधने डोळे गच्च मिटले. इतकं सरळ त्याच्या घराण्यात आजवर कुणी बोललं नव्हतं.

"ऑफ कोर्स, वहिनी! किल्ली शेजारी ठेवतो. शिवांगीचे कोट कपाटात आहेत, खुशाल वापरा."

"आणि मी?" प्रबोध पुटपुटला.

"तू यजमान," नीता म्हणाली.

डिसेंबरात नीता शिवांगीच्या कोटात बोस्टनभर फिरली. ज्या बंदरात लोकांनी पेट्याच्या पेट्या चहा समुद्रात फेकला, तिथला फोटो तिने पाठवला. प्रबोधचं उत्तर आलं, "एवढा चहा? धुऊन वाळवला नाही कुणी?" मग आगगाडीने न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, आणि शेवटी फिलाडेल्फिया. घंटेसमोर नीता कितीतरी वेळ नुसती उभी होती.

"आई, सो स्मॉल ओन्ली," इरा म्हणाली. "व्हाय यू क्राय?"

इकडे प्रबोध शिवांगीच्या बाबांना मरलायनच्या सिंहमुखी पुतळ्यासमोर पुन्हा घेऊन गेला होता, कारण आधीच्या फोटोत त्यांचे डोळे मिटलेले आले होते.

शेवटचा जमाखर्च असा. पाहुण्यांची तिकिटं धैर्यशीलने काढली. नीताची तीन शहरांतली हॉटेलं प्रबोधच्या कार्डावर गेली. शिवाय त्याची वर्षाची रजा गेली, पलंग पाहुण्यांना गेला आणि सोफ्यावर झोपून मान गेली. नीताने पदरचे पैसे घालून एकच वस्तू घेतली, फ्रिजवर लावायचं चुंबक. तेही प्रबोधसाठीच घेतलं, असं ती म्हणते.