रानकाकडीचा बैल

ते दोन हजार चौदा साल होतं. त्या वर्षी बेंतिऊ गाव कधी या फौजेकडे, कधी त्या फौजेकडे असं जात राहिलं, आणि आम्ही जीव घेऊन गावाबाहेरच्या निळ्या टोपीवाल्यांच्या, म्हणजे शांतिसेनेच्या तळावर आलो. तळाभोवती मातीचा उंच बांध, बांधावर काटेरी तार आणि कोपऱ्यांवर मनोरे होते. मनोऱ्यांतले शिपाई दूरदूरच्या देशांतून आलेले. आत बसलेल्यांवर कोणी गोळी झाडू नये, एवढं त्यांचं काम. ते त्यांनी केलं, हे मी आज नाकारणार नाही. पण बांधाच्या आत कोणाचं कोणाशी काय आहे, हे त्यांना कुठून कळणार? जागा दिसेल तशा त्यांनी ताडपत्र्या वाटल्या. आमची ताडपत्री न्यारुआचच्या ताडपत्रीला लागून आली.

न्यारुआच म्हणजे थिजिनची आई. थिजिनला माझ्या मुलाने, बिदोंगने, मारलं होतं.

ते युद्धाच्या आधीचं. उन्हाळ्यात पोरं गुरं घेऊन नदीकाठी राहायला गेली होती. तिथे एका कबऱ्या बैलाच्या शिंगांवरून थट्टा सुरू झाली, थट्टेचं भांडण झालं आणि भांडणात भाला निघाला. बिदोंग तिथून थेट दुओपच्या घरी पळाला. दुओप आमच्याकडचा मातीचा पुजारी. त्याच्या घरात शिरलेल्या खुन्याला कोणी हात लावत नाही. त्याने बिदोंगच्या दंडावर चीर देऊन मेलेल्याचं रक्त उतरवलं, तेव्हा कुठे माझ्या मुलाला पाण्याचा घोट घेता आला. मग बोलणी झाली. आम्ही गुरं द्यायची, ती मुलीच्या माहेरी देऊन थिजिनच्या नावाने बायको आणायची, आणि तिला होतील ती मुलं थिजिनची म्हणवायची. बिनमुलाच्या माणसाचं नाव आम्ही असं जिवंत ठेवतो. पण गुरं द्यायच्या आत युद्ध आलं आणि आमचा गोठा लुटला गेला.

गुरं पोचेपर्यंत दोन घरांच्या मध्ये मेलेल्याचं हाड असतं. हाड मध्ये असताना त्या दोन घरांनी एका भांड्यातलं खायचं-प्यायचं नाही. प्यालं तर मरण घरात शिरतं. हे आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं.

आणि आमच्या भागात पाण्याची टाकी एकच होती.

टाकी म्हणजे भांडं की नदी, यावर म्हाताऱ्यांनी दिवसभर खल केला. एक जण म्हणाला, "नळातून वाहतं ना? मग नदीच."

"नदीला झाकण असतं होय रे?" दुसऱ्याने विचारलं. "टाकीला पोट आहे, तोंड आहे. तुझ्या बायकोच्या घागरीसारखीच आहे, फक्त जरा जाडी."

"म्हणजे माझ्या बायकोसारखीच की."

सगळे हसले. त्या वर्षी हसायला फार थोडं मिळायचं, ते असल्याच गोष्टींत. पण शेवटी ठरलं ते हेच, की टाकी म्हणजे भांडं.

न्यारुआचचे लोक आमच्या आधी आले होते आणि टाकीचं पाणी प्याले होते. म्हणून टाकी त्यांची झाली. दवाखान्याच्या तंबूतलं पाणीही त्याच टाकीतून यायचं, त्यामुळे तेही आम्हाला चालेना. आम्ही चराचं पाणी पिऊ लागलो. मग पाऊस लागला. ताडपत्र्यांत गुडघाभर पाणी शिरलं, चर आणि संडास एक झाले. माणसं रात्री उभ्याने झोपत, पोरांना खांद्यावर घेऊन. बांध गोळ्या आत येऊ देत नव्हता, तसाच पाणी बाहेर जाऊ देत नव्हता.

बिदोंगची मुलगी न्यापिनी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. तिची आई आम्ही पळत असताना वाटेत गेली. पावसात न्यापिनीचं पोट बिघडलं. डॉक्टरीणबाईंनी मिठाची पुडी दिली आणि सांगितलं, चांगल्या पाण्यात घालून पाजा. मी ती पुडी चराच्या पाण्यात घालून पाजत राहिले. पोरीचे डोळे खोल गेले. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची.

बिदोंग दुओपच्या ताडपत्रीत बसून असायचा. बाहेर थिजिनचे भाऊ हिंडत, त्यामुळे त्याला दाराबाहेर पाय टाकता येत नसे. बांधाच्या आत कोंडलेले आम्ही आणि त्या कोंडवाड्यात आणखी एका कोंडवाड्यात माझा मुलगा. मी गेले की पहिलं विचारायचा, "प्याली का?"

"प्याली."

"काय प्याली?"

मी ताडपत्रीतलं पाणी उपसायला लागायचे.

आमच्या भागावर कॅप्टन अडोमाको म्हणून घानाचा एक अधिकारी होता. उंच, पोट सुटलेला, हसरा माणूस. भाषांतर करायला गावातल्या शाळेचे मास्तर असत. एकदा तो वाकून आमच्या ताडपत्रीत आला आणि न्यापिनीकडे बघून त्याचं हसू गेलं.

"आई, टाकी पन्नास पावलांवर आहे. हिला चराचं पाणी का पाजता?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी त्याला हाडाची गोष्ट सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"मग आम्हाला वेगळी टाकी द्या," मी म्हणाले.

"तुम्हाला दिली की उद्या सगळे मागतील. या तळावर अशी किती घरं आहेत, तुम्हालाच माहीत." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "यावर इलाज आहे. शुक्रवारी दोन्ही घरांनी माझ्या तंबूत यायचं. मी चहा करतो. सगळ्यांदेखत एकाच पेल्यातून दोघींनी प्यायचं. भांडण मिटलं, टाकी सगळ्यांची."

मास्तरांनी हे मला सांगितलं आणि खाली बघत राहिले.

"मास्तर, त्याला म्हणावं, तू विष पाज म्हणतोयस."

"सांगितलं. तो म्हणतो, त्याच्याही गावी पूर्वी असं मानत. कोणाला तरी पहिल्यांदा प्यावं लागतं."

"मग त्यालाच पाजा."

मास्तरांनी हे काही भाषांतर केलं नाही.

बातमी पसरली. गेलो नाही तर आम्हाला समेट नको आहे असं होणार आणि थिजिनचे भाऊ सूड घ्यायला मोकळे होणार. गेलो आणि प्यालो तर मरण न्यापिनीला धरणार, कारण ते आधी घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला धरतं. प्यालोच नाही तर ती चराच्या पाण्याने जाणार. मी सगळीकडून विचार करून पाहिला. वाट नव्हती.

शुक्रवारच्या आधी मला सरपणाला बाहेर जावं लागलं. बांधाबाहेर बायकाच जात. पुरुष गेला तर त्याला मारून टाकत. बाईचं काय करत, ते आम्ही परत आल्यावर एकमेकींना विचारत नसू. त्या दिवशी मी मोळी बांधत होते तेवढ्यात वाटेवर फौजेची गाडी थांबली. मी लव्हाळ्यात शिरले, छातीभर पाण्यात. तिथे आधीच कोणीतरी बसलं होतं.

"हलू नकोस," न्यारुआच म्हणाली. खुनानंतर ती माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द.

शिपाई उतरले, झाडाखाली पसरले, सिगारेटी ओढू लागले. त्यांना कसलीच घाई दिसेना. आम्ही दोघी म्हाताऱ्या पाण्यात उकिडव्या. जळवा लागत होत्या. ऊन डोक्यावरून कललं तरी ते उठेनात.

"तुझी नात कण्हते," ती कुजबुजली. "माझ्या ताडपत्रीत ऐकू येतं."

"मग कान झाक."

"झाकते. तरी येतं."

थोड्या वेळाने मी विचारलं, "शुक्रवारी तू पिशील?"

"पिईन की. मला काय होणार? मरणाला माझ्या घरात तरणं कोण सापडणार? एक होता, त्याची सोय तुझ्या मुलाने केली."

"तुला आणखी दोन आहेत."

"ते आपापल्या नावाचे आहेत. थिजिनचं नाव कोण लावणार? त्याच्या वयाच्या पोरांना आता पोरं झाली. तो स्वप्नात येतो, दाराशी उभा राहतो. आत ये म्हटलं तर म्हणतो, माझं घर कुठलं?" ती माझ्याकडे बघत नव्हती, शिपायांकडे बघत होती. "आणि तुझ्याकडे गुरं नाहीत. होणारही नाहीत."

"आहेत," मी म्हणाले.

"कुठे?"

"तुझ्या ताडपत्रीशेजारी कण्हताहेत."

तिने मान वळवली.

"न्यापिनीचं लग्न होईल तेव्हा तिची गुरं येतील," मी म्हणाले. "त्यातून आधी थिजिनला बायको कर. मग उरतील ती आमची."

"आणि तिच्या मामांचा वाटा? ते गप्प बसतील होय?"

"त्यांना मी बघून घेईन."

"तू? तुला तुझा मुलगा बघता आला नाही."

मी ते गिळलं. खोटं नव्हतं.

"बिदोंग कबूल होईल?"

"पोरगी जगावी म्हणून तो काहीही कबूल होईल."

"आणि ती मेली तर?"

"तर तुझा थिजिन पुन्हा मेला."

तिने दंडावरची जळू उपटून पाण्यात टाकली. मग एकदम चिडून म्हणाली, "आणि तू तिला चराचं पाणी पाजतेस? अक्कल गहाण टाकलीस का, बिदोंगच्या आई?"

तिच्या कमरेला पाण्याची बाटली होती. माझा घसा कोरडा पडला होता, हे तिला दिसत होतं. तिने बाटली दिली नाही, मीही मागितली नाही. तीही प्याली नाही.

गाडी गेल्यावर आम्ही चिखलातून बाहेर आलो. न्यारुआच चार पावलं पुढे जाऊन वाकली. वारुळाच्या उतारावर रानकाकडीचा वेल पसरला होता. आमच्याकडे बळी द्यायला बैल नसेल तर रानकाकडी चिरतात, देव तिला बैल समजून घेतो. तिने वेलावरची सगळ्यात जाड काकडी तोडली, माझ्या मोळीत खोचली आणि म्हणाली, "बैल तुमच्या घरचा हवा. तूच ने."

शुक्रवारी कॅप्टनच्या तंबूत सगळे जमलो. दुओप आपला भाला घेऊन आला होता, तो पहारेकऱ्याने दारातच काढून घेतला. आत हत्यार चालत नाही. म्हातारा संतापला. "बैल काय मी नखांनी मारू?" शेवटी मास्तरांनी तेलाच्या डब्याचा पत्रा शोधून आणला. बिदोंगला चार शिपायांच्या मधून आणलं. तो थिजिनच्या भावांकडे पाठ करून बसला. न्यापिनी माझ्या मांडीवर होती. वजन असं नव्हतंच.

टेबलावर चहाचा मोठा पेला वाफाळत होता. दुओपने शेजारी काकडी ठेवली.

"हे काय, कोशिंबीर?" कॅप्टनने विचारलं.

"साहेब, हा बैल आहे," मास्तर म्हणाले.

कॅप्टनने काकडीकडे पाहिलं, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली. मग हळूच पेला टेबलावरून उचलून बाजूला ठेवला. मला तो माणूस त्या क्षणी आवडला.

दुओपने काकडीवर राख चोळली. देवाला सांगितलं, थिजिनला सांगितलं, की घरांची बोलणी झाली आहेत, गुरं जिवंत आहेत, वाढताहेत, त्यांना पाणी हवं आहे. त्याने पत्र्याने काकडी उभी चिरली. डावं अर्धं वाईटाचं म्हणून तंबूबाहेर फेकलं, उजवं चांगलं म्हणून ताडपत्रीत खोचायला ठेवून घेतलं.

"चहा नको," न्यारुआच म्हणाली. "टाकीचं पाणी आणा."

पाणी आलं. पेला तिने दोन्ही हातांनी धरला. मला भीती वाटत होती. काकडी ती काकडीच, देवाने खराच बैल मागितला तर? तिने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग मिठाच्या पुडीसाठी माझ्यापुढे हात केला. पुडी पेल्यात सोडून बोटाने ढवळली आणि पेला न्यापिनीच्या ओठांना लावला.

"पी गं," ती म्हणाली. "सगळं पी. तुझ्यावर माझा मुलगा आहे."

बिदोंगने मान वळवून पाहिलं. पोरीने पेला रिकामा केला आणि आणखी मागितलं.

न्यापिनी जगली. तिचं लग्न होऊन आता चार-पाच वर्षं झाली. पूर आलेला असल्यामुळे गुरं बांधावरून एकामागे एक चालत आली. मामांशी मी भांडले, अजून ते माझ्याकडे जेवत नाहीत.

न्यारुआचने प्रत्येक गाईचे दात स्वतः तपासले आणि दोन परत पाठवल्या. थिजिनला बायको केली. पहिला मुलगा व्हायच्या आधीच्या पावसात न्यारुआच गेली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही एका ताटलीत मासे खाल्ले होते. काटे तिने मला काढायला लावले. मुलाचं नाव गाटदेत थिजिन.

बिदोंग युद्ध थांबल्यावर बांधाबाहेर गेला. आता होडीतून मासे विकतो. गुरांकडे पुन्हा गेला नाही. दुओप बांधावरच वारला. सगळीकडे पाणी असल्याने त्याला बांधाच्या मातीतच पुरलं, मातीच्या पुजाऱ्याला दुसरीकडे माती मिळाली नाही. मास्तर तळावरच्या शाळेत शिकवतात. कॅप्टन अडोमाको त्याच वर्षी आपल्या तुकडीबरोबर परत गेला. त्याचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. चहा न पिता झालेला हा पहिलाच समेट म्हणून तो मास्तरांपाशी हसायचा म्हणे.

मी इथेच आहे. निळ्या टोपीवाले मनोऱ्यांवरून उतरून गेले, पण बांध तोच आहे. तेव्हा तो गोळ्या अडवायचा, आता पूर अडवतो. चारी बाजूंनी पाणी बांधाच्या काठापर्यंत आलेलं असतं आणि आम्ही मध्ये, खाली. गाटदेत नळाला तोंड लावून पाणी पितो. मी त्याला भांडं घे म्हणून ओरडते, तो ऐकत नाही.