पोहण्यास योग्य

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी मी अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकले. औषधाच्या दोन बाटल्या समोर होत्या आणि कुठली कुठल्या बाळाची हे मला सांगता येईना. माझे धाकटे दीर नोकरीतून निवृत्त होऊन नुकतेच आमच्याकडे राहायला आले होते. ते म्हणाले, "वहिनी, जन्मभर छापखान्यात कागद दुमडलेत. आता त्यावर काय लिहिलंय ते वाचा तरी." रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते मला शिकवत. चुकले की म्हणत, "नापास. चहा टाका."

वाचता यायला लागल्यावर मला दम धरवेना. एका डॉक्टरांचे कागद छापले जात होते. त्यातला 'तज्ज्ञ' मला शाई फासल्यासारखा दिसला. मी आरडाओरडा करून चालतं मशीन थांबवायला लावलं. शब्द बरोबरच होता. मशीनमन पोट धरून हसला. त्या दिवसापासून छापखान्यात माझं नाव 'तज्ज्ञ मावशी' पडलं. महिनाभर कुणी ना कुणी कोरा कागद पुढे धरून विचारायचं, "मावशी, हे बरोबर आहे का बघा हो."

सप्टेंबरात नगरपालिकेचं काम आलं. 'गावाभोवती एका दिवसात' नावाचं घडीचं पत्रक. पाण्याच्या टाकीचा जुना मनोरा, फुलपाखरांची बाग, पक्षी बघायचं मचाण, दगडाच्या बंद खाणीतलं तळं. प्रती तीन हजार, घड्या तीन. तिसरी घडी तळ्याच्या मजकुराखालून जायची. हाडाच्या पट्टीने घडी दाबताना तीच ओळ दर वेळी डोळ्यांसमोर यायची : 'येथील पाणी पोहण्यास योग्य आहे.'

मी या गावात चाळीस वर्षं काढली. त्या तळ्यात कुणी पाय घालत नाही. काठापासून दोन पावलांवर सरळ कडा आहे, आणि खाली खाणीचे लोखंडी दोर तसेच पडलेत. मी मशीनमनला म्हटलं, "अरे, हे योग्य कसं?"

"झालं! तज्ज्ञ मावशी परत कामावर आल्या," तो म्हणाला. "मालकांनी वाचून सही केलीय. तुम्ही घड्या घाला."

मी घड्या घातल्या. साफ केलं असेल तळं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला परत हसं करून घ्यायचं नव्हतं.

एक प्रत भाऊजींसाठी घरी नेली. ते हरखलेच. दर गुरुवारी एक ठिकाण बघायचं आणि परतल्यावर त्यावर पेनाने खूण करायची, असं त्यांनी ठरवलं. मनोऱ्यावरून आले ते गुडघे चोळत. "एकशे बारा पायऱ्या, वहिनी. पत्रकात एकशे दहा लिहिल्यात. दोन पायऱ्या फुकट चढलो." बाग झाली, मचाण झालं. बुधवारी रात्री जेवताना ते म्हणाले, "उद्या तळं. पोहायला चांगलं आहे म्हणे. किती वर्षांत अंग भिजवलं नाही."

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणाले, "आमच्या वेळी तिथे कुणी उतरत नव्हतं."

"अहो, छापलंय ना! तेही तुमच्याच छापखान्यात."

"मग असेल तसंच," मी म्हणाले आणि ताटं उचलली.

गुरुवारी साडेअकराच्या सुमारास नगरपालिकेचा कारकून पत्रक नाचवत छापखान्यात शिरला. "वाचता येतं की नाही इथे कुणाला? आम्ही अयोग्य लिहून दिलं होतं! अ कुठे गेला?" मालकांनी फाइल उघडली. हाताने लिहिलेला कागद वर आला. मी वाकून वाचला. अ होता. चांगला मोठा, ठसठशीत.

सगळे एकदम बोलायला लागले. मला मात्र ऐकूच येईना. मशीनमन माझ्याकडे बघत होता. "मावशी, तुम्ही म्हणाला होतात..." एवढंच तो बोलला.

"आज गुरुवार आहे," मी म्हणाले.

भाऊजींचा फोन लागत होता, पण कुणी उचलत नव्हतं. मशीनमनने स्कूटर काढली. वाटेत तो सारखा म्हणत होता, "उतरले नसतील हो. थंड पाणी बघून परत फिरले असतील." मी हो म्हणत होते की नाही, कुणास ठाऊक.

काठावर कपडे घडी करून ठेवले होते. वर चष्मा, चष्म्याखाली पत्रक. चपला जोडीने लावलेल्या. पाणी अगदी स्वच्छ आणि सपाट होतं, त्यावर एक तरंग नाही. कपड्यांत फोन वाजायला लागला. मालकांचा होता. मशीनमन मटकन खाली बसला. मी पाण्याकडे बघून "भाऊजी" अशी हाक मारली. मग परत मारली. त्यांनी ऐकलं तर ओशाळतील, असं मला वाटत होतं. इतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

अग्निशमनवाल्यांनी दुपारी सव्वातीनला त्यांना वर काढलं. डाव्या पायात दोर अडकला होता.

माझे धाकटे दीर सोळा ऑक्टोबरला, गुरुवारी, सकाळी अकराच्या आत कधीतरी खाणीच्या तळ्यात बुडून वारले. त्यांचं वय एकसष्ट होतं.