पेशीतला झाडूवाला

मी, आम्रपाली, जीवशास्त्रात एमएस्सी. खराडीतल्या एका कंपनीत अमेरिकेतल्या शाळांसाठी धडे लिहिते. कार्टून रोहन काढतो, आणि मी ओके दिल्याशिवाय धडा पुढे जात नाही. माझी नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करणं आमचा मॅनेजर सार्थक याच्या हातात होतं.

या वेळचा धडा नको असलेल्या प्रथिनांचा होता. पेशीत एखादं प्रथिन बिघडलं किंवा त्याचं काम संपलं, की त्याच्यावर खूण चिकटवली जाते. ती खूण पाहूनच प्रोटिआसोम नावाचं यंत्र त्याला आत घेतं, उलगडतं आणि त्याचे बारीक तुकडे करतं. त्याच तुकड्यांतून पेशी नवी प्रथिनं बांधते. हे काम थांबलं तर पेशी मरते. मी सगळं नीट लिहून दिलं होतं.

रोहनने काय काढावं? केंद्रक म्हणजे कोट घातलेला गोरापान साहेब. प्रथिनं बांधणारे सगळे इंजिनियर. आणि प्रोटिआसोम? काळाकुट्ट माणूस, फाटका बनियन, हातात झाडू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. छप्पन साली धम्म घेतल्यावर माझ्या आजोबांनी, कचरू यांनी, मेलेली ढोरं ओढणं सोडलं. गावाने वाळीत टाकलं, तरी परत हात लावला नाही. आणि त्यांची नात सातासमुद्रापारच्या पोरांना शिकवणार काय, तर घाण काढणारा दिसतो कसा.

“हे चालणार नाही,” मी सार्थकला सांगितलं.

“अगं, फनी आहे. तू उगाच पर्सनली घेतेस.”

“पर्सनलीच घेतेय. शिवाय शास्त्रही चुकलंय. तो झाडत नाही, सुटं करून परत देतो. त्याच्यावाचून तुमचा केंद्रकसाहेब जगणार नाही.”

“कन्फर्मेशन तोंडावर आलंय तुझं,” तो हळू आवाजात म्हणाला. “बघ बाई.”

“बघतेय.”

दुसऱ्या दिवशी त्यानेच बोलावलं. चेहऱ्यावर उपकार केल्याचं हसू. “घे, केलं तुझ्या मनासारखं.”

पडद्यावर प्रोटिआसोम चक्क गोरा झालेला, पांढरा कोट, चष्मा. मला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग बिघडलेलं प्रथिन आलं. तोच काळाकुट्ट माणूस, तोच फाटका बनियन, हात तेवढे रिकामे. त्याच्या कपाळावर खूण चिकटवली गेली आणि पांढऱ्या कोटातल्या प्रोटिआसोमने त्याला आपल्या यंत्रात ढकललं. तो किंचाळला. शेजारी उभा असलेला रोहन हसला.

“आता काय प्रॉब्लेम आहे?” सार्थक म्हणाला. “झाडू काढलाय ना?”

“काढलात. पण हातातला झाडू गेल्यावर या माणसाचाच कचरा केलात, दुसरं काही तुम्हाला सुचलंच नाही.”

ओके मी दिला नाही. नोकरी पक्की होवो न होवो, देणारही नाही.