आठव्या बाटलीचं पान

भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात तीन आठवड्यांत चौघांच्या जखमांत एकच बुरशी सापडली. मी त्याच हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. हवा तपासायचं यंत्र फिरवलं, तर हवा स्वच्छ!

"मग हात नीट धुवायला सांगा सगळ्यांना," मोठे डॉक्टर म्हणाले.

मला काही ते पटेना. यंत्र दहाच मिनिटं हवा ओढतं. बुरशी काय वेळ ठरवून येते? घरी माझी बडबड चालूच होती. वहिनीची रोपवाटिका आहे. ती म्हणाली, "अगं, दिवसभर हवेतलं जे पडतं ते पानावर साठतंच की! माझी रबराची झाडं ने. पानं रुंद, गुळगुळीत."

"कुंडी नको. मातीतच बुरशी असते."

"मग फांद्या ने!"

दुसऱ्या दिवशी पानं स्पिरिटने पुसून, उकळून गार केलेल्या पाण्याच्या आठ बाटल्यांत फांद्या खोचल्या, तोंडं कापसाने बंद केली आणि बाटल्या वॉर्डाबाहेरच्या लांब बोळात ओळीने ठेवल्या. "लग्न आहे का इथे?" नर्सताईंनी विचारलंच. चोवीस तासांनी प्रत्येक बाटलीतलं एकेक पान बुरशी वाढवायच्या जेलीच्या ताटलीवर दाबलं आणि ताटल्या उबेत ठेवल्या.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी झाकणं उघडली. पहिल्या ताटलीत दोन ठिपके, चौथीत अकरा, सहावीत चाळीसेक. आठवी हिरवीगार, मोजायची सोयच नाही! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. तीच बुरशी.

मी वहिनीला फोन लावला. "पोचलो आपण! बोळाच्या टोकाला आहे!"

"बघत काय बसलीस? छत उघडायला लाव!"

मिस्त्रीने आठव्या बाटलीच्या वरची फळी काढली. आत एसीच्या नळाभोवतीचं आवरण गळणाऱ्या पाण्याने भिजून कुजलं होतं, वरून मखमलीसारखी हिरवी साय. तिथूनच हवा वॉर्डात जात होती. डॉक्टर शिडीवर चढले, वाकून पाहिलं आणि खाली उतरून एवढंच म्हणाले, "रुग्णांना आत्ताच्या आत्ता दुसऱ्या मजल्यावर हलवा."

नळ बदलला, आवरण जाळलं, बोळ धुऊन काढला. नव्या फांद्यांच्या आठही ताटल्या कोऱ्या निघाल्या. पंधरा दिवसांत चौघांच्याही जखमा भरू लागल्या.

मग डॉक्टरांनीच वहिनीला फोन केला, "ताई, दर आठवड्याला फांद्या द्याल का?"

वहिनीने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून चक्क उडी मारली.