रजयांच्या खोलीतली मंगलाष्टकं

विमा कंपनीच्या गजाननरावांना पुतणीच्या लग्नाला सांगलीला जायला रजा मिळाली नाही. मग त्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं जयपूरहून गाऊन पाठवायची ठरली. मुहूर्त संध्याकाळचा होता.

बनी पार्कातल्या सायबर कॅफेचे भंवरजी हिंदीत म्हणाले, "रेकॉर्डिंग मोठं झालं तर मेल जाणार नाही. पण आपकी अकेली आवाज है, मोनोमध्ये, म्हणजे एकाच ट्रॅकवर, एमपी थ्री करतो. फाइल चिमुकली, आवाज खणखणीत!" बाहेरचा गोंगाट नको म्हणून त्यांनी फोनच्या केबिनला आतून जयपुरी रजया ठोकल्या आणि माइक देऊन दार ओढून घेतलं.

मे महिना! तिसऱ्या कडव्याला गजाननरावांचा चष्मा वितळायला लागला, असं ते आजही शपथेवर सांगतात. दार ढकललं, तर बाहेरची कडी बसलेली. घाबरल्यावर हिंदी आठवेना. सुरातच ओरडले, "कडी काढा होऽ, जीव गुदमरलाऽ!"

बाहेर हेडफोन लावलेले, मराठी न कळणारे भंवरजी डोलत होते. "वाह, क्या भक्ती है!" त्यांनी फाइल लहान केली, मेल केली आणि केबिनची कडी विसरून चहाला गेले.

गजाननरावांच्या मोबाइलमध्ये बॅलन्स नव्हता, येणारे फोन तेवढे यायचे. तासाभराने तो वाजला. पुतणी अनुया होती.

"काका, आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा! पण शेवटचं कडवं ऐकून नवरदेव घाबरलाय. विचारतोय, काकांचा संसाराचा अनुभव असा आहे का?"

"अगं, लग्न लाव तू बिनधास्त," गजाननराव धापा टाकत म्हणाले, "पण त्याआधी इथे जयपुरात घरी असलेल्या तुझ्या काकूला फोन करून मला बाहेर काढ!"