चारशे बारा हाका

आपल्याला जे हवेसे वाटते तेच खरे असावे, अशी इच्छा धरणे हा अपराध नव्हे. परंतु त्या इच्छेच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव सोपविण्यापूर्वी मनुष्याने एकदा नीट कान द्यावा.

देशभरच्या पाणथळींत बसविलेल्या सहा हजार पेट्या पाखरांचे आवाज टिपीत. संगणक ते ओळखून नकाशावर ठिपके ठेवी आणि ठिपके पाहून पिंजऱ्यात वाढविलेली पिल्ले कोठे सोडावी हे ठरे. यंदा करडा पाणलावा या दुर्मिळ पाखराचे ठिपके एकाच दलदलीत उमटले होते. चारशे बारा हाका! त्या दलदलीचा राखणदार म्हणजे नकाशावर सही करणाऱ्या बाईंचे वडील. त्या जातीची पिंजऱ्यात उरलेली अकरा पिल्ले दुपारी गाडीत चढायची होती.

सहीपूर्वी रीतीप्रमाणे बाईंनी थोड्या हाका ऐकल्या. तिसऱ्या हाकेनंतर कोणीतरी खोकले. तो खोकला त्यांनी बालपणी भिंतीपलीकडून रोज ऐकला होता. त्यांनी फोन लावला.

"बाबा, पेटीपाशी शीळ घालता का?"

"घालतो की! दिवसभर तोंडाला कुलूप लावून बसू? तुझी आई म्हणायची, पाखरूसुद्धा फसेल."

"कुणी उत्तर दिलं?"

"देईल गं. कारखान्याचं पाणी जरा निवळू दे. बेडूकही गप्प झालेत बघ. पण पिल्लं येतायत ना? मी गवत सारून ठेवलंय."

"आली तर मरतील, बाबा."

"आणि नाही आली तर इथे भराव पडेल, पोरी. त्या ठिपक्यांमुळेच थांबलेत भराव टाकणारे."

हे बाईंना ठाऊक होते. तेवढ्यात साहेब दारात आले.

"झाली का सही? गाडीवाला माझं डोकं खातोय."

"साहेब, या हाका माणसाच्या आहेत. माझ्या वडिलांच्या."

साहेबांनी खुर्ची ओढली. "मग पाखरं किती?"

"एकही नाही."

"दुसरी जागा?"

"नकाशावर नाही."

बाईंनी ठिपके पुसले. चारशे बारा ठिपके पुसायला एक कळ पुरली. गाडी रिकामीच परतली. फोन अजून चालूच होता.

"मग आता शीळ घालू नको म्हणतेस?" वडिलांनी हळूच विचारले.

"पेटी काढायला सांगते, बाबा," बाई म्हणाल्या, "मग हवी तेवढी घाला."

पिंजऱ्यातल्या त्या अकरा जीवांना दाणापाणी मिळत राहो. त्या वृद्धाला कोणी दोष न देवो. आणि जिने ऐकले, तिच्या मनाला शांती लाभो.